पुसलेली गाडी

दापोडीपासून चिखलीपर्यंत धम्मरत्न ओव्हाळांचं तोंड बंद नव्हतं. स्कूटर चालवत होते आणि मागं बसलेल्या कस्तुराबाईंना रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीचे नियम सांगत होते. डोक्यात हेल्मेट, कानात वारा, मांडीवर डब्याची पिशवी, अशा अवस्थेत त्या बाईंना किती ऐकू गेलं असेल देव जाणे. पण सिग्नलला स्कूटर थांबली की त्या न चुकता “हं” म्हणायच्या, आणि तेवढ्यावर धम्मरत्न पुढचा सिग्नल येईपर्यंत बोलत राहायचे.

नियम तरी किती! गाड्या सगळ्या हातभर लांबीच्या, विजेवर चालणाऱ्या. पण सगळ्या एकत्र पळत नाहीत, वर्ग असतात. पहिला वर्ग नवशिक्यांचा. दुसरा स्टॉक, म्हणजे सगळ्यांची मोटर सारखी, टायर सारखे, बॅटरी सारखी. पैशाचा माज दाखवायचा नाही, हाताची कमाल दाखवायची. तिसरा मॉडिफाइड, त्यात कसलीही मोटर लावा. ज्यांच्या रानात हा ट्रॅक आहे ते शेखर त्याला मोकाट वर्ग म्हणतात. आणि चौथा चाळिशीपार. नियम स्टॉकचेच, फक्त ड्रायव्हरचं वय चाळिशीच्या पुढचं पाहिजे. धम्मरत्न या चौथ्या वर्गात पळायचे. “तिथं सगळे आपल्यासारखेच गं, गुडघे धरून बसणारे,” असं ते कुदळवाडीच्या चौकात म्हणाले, त्यावर कस्तुराबाईंनी स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं आणि तेव्हाही “हं” म्हणाल्या.

माणूस एवढा का सुटला होता, त्याला कारण होतं. दोन वर्षं ते दर महिन्याला एकटेच चिखलीला जायचे. दर वेळी निघताना विचारायचे, येतेस का? आणि दर वेळी उत्तर यायचं, तुम्ही जा, मला कामं आहेत. संध्याकाळी मातीनं माखून परत आले की दारातच कपडे झटकायला लावायच्या. कस्तुराबाईंना धूळ म्हणजे शत्रू. त्यांच्या घरात शोकेसवर बोट फिरवलं तर बोटच स्वच्छ होऊन येईल, अशी तऱ्हा. गेल्या महिन्यात त्या चाकणच्या कंपनीतून रिटायर झाल्या, आणि या रविवारी धम्मरत्नांनी सवयीनं विचारलं तर म्हणाल्या, चला, बघू तरी काय असतं ते. धम्मरत्नांच्या हातातून चहाचा कप सुटायचाच राहिला.

आता खरं सांगायचं तर या दोघांचा संसार दारातच झाला. ते पहिल्या शिफ्टला भोसरीला, त्या दुसऱ्या शिफ्टला चाकणला. ते घरी पोचायचे तेव्हा त्या बस पकडायला निघालेल्या. पोरगं इकडून तिकडं, किल्ली तिकडून इकडं, भाजी गॅसवर आहे, दूध तापवून घ्या, आणि बस आली. रविवार असायचा, पण बहुतेक रविवारी एकाला तरी ओव्हरटाइम. पोरगं शिकलं, हैदराबादला नोकरीला लागलं, फ्लॅट झाला, सगळं चांगलं झालं. फक्त एकमेकांच्या शेजारी बसून काही बघायचं राहून गेलं होतं. म्हणून धम्मरत्नांना आज शर्यत जिंकायची होतीच, दोन वर्षांत एकदाही पहिले आले नव्हते. पण त्याहून जास्त एक गोष्ट हवी होती. हिला इथं आवडावं, आणि हिनं पुढच्या महिन्यात पुन्हा यावं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. साठीला टेकलेला माणूस असं कुणाला सांगणार?

शेखरांचा ट्रॅक म्हणजे दोन सोसायट्या आणि पत्र्याच्या वर्कशॉपची एक रांग यांच्या मधोमध उरलेलं मोकळं रान. एके काळी ज्वारी पिकायची तिथं, आता बिल्डर रोज फोन करतात आणि शेखर रोज “बघू” म्हणतात. मुरूम आणि मातीची वळणं, दोन उंचवटे, कडेला पाण्याचे पाइप आडवे टाकून केलेली हद्द. ड्रायव्हरांना उभं राहायला बांधकामाच्या पाइपांचं मचाण. सावलीला मांडव आणि मांडवाच्या टोकाला तपासणीचं टेबल. टेबलामागं मिनल बसायची. काळेवाडीची पोरगी, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला. स्वतः मोकाट वर्गात वाऱ्यासारखी गाडी पळवायची, पण एकदा का टेबलामागं बसली की सख्ख्या बापालाही ओळखणार नाही. वजनकाटा, मोटर तपासायचं यंत्र, बॅटरीचा मीटर, सगळं ओळीनं मांडलेलं. कस्तुराबाईंनी ते टेबल पाहिलं आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. धम्मरत्नांना म्हणाल्या, पोरगी नीटनेटकी दिसते.

शेखरांनी येऊन वहिनींना खुर्ची दिली, टोपी दिली, उसाचा रस दिला. वर सांगितलं की, भाऊंची गाडी बरी पळती पन नशीब न्हाई पळत, आज तुमी आलाय तर बगू. धम्मरत्न हसले. शेखरही चाळिशीपारमध्येच होते, आणि स्वतःच्या रानातली माती त्यांना अशी पाठ होती की डोळे मिटून वळण घ्यायचे.

शर्यत सुटली आणि शेखरांची लाल गाडी पुढं गेली ती गेलीच. धम्मरत्नांची निळी तिच्या मागं. बाकीचे चारपाच जण आपापसांत आदळत, उलटत, मार्शलच्या नावानं ओरडत मागं राहिले. मार्शल म्हणजे वळणावळणावर उभे राहून उलटलेल्या गाड्या सरळ करणारे. ते काम पगारी माणूस करत नाही. आधीची शर्यत पळालेल्यांनीच पुढच्या शर्यतीला उभं राहायचं, असा रिवाज. जिंका, हरा, काही करा, तुमची पाळी चुकत नाही.

धम्मरत्न मचाणावर रिमोट छातीशी धरून उभे होते आणि त्यांचं अर्धं लक्ष मांडवाकडं. कस्तुराबाई खुर्चीत बसलेल्या. मग पुढं सरकून बसलेल्या. मग चक्क उभ्या. शेवटून दुसऱ्या फेरीला शेखरांची लाल गाडी उंचवट्यावरून जरा वाकडी उतरली आणि टपावर पालथी पडली. मार्शलनं पळत जाऊन सरळ केली, पण तेवढ्यात निळी पुढं निघून गेली होती. शेवटची फेरी धम्मरत्नांनी श्वास घेतला की नाही, त्यांनाच आठवत नाही. लाल गाडी मागच्या चाकाला चाटून येत होती. रेषा आली, आणि निळी गाडी हातभर पुढं होती. मांडवातून टाळ्या आल्या, आणि त्यांत कस्तुराबाईंच्या टाळ्या त्यांना वेगळ्या ऐकू आल्या. आता टाळ्या काय वेगळ्या ऐकू येतात का? पण त्यांना आल्या.

सगळ्यांशी हात मिळवून, शेखरांची पाठीवर थाप घेऊन, गुडघा सांभाळत ते मचाणाची शिडी उतरायला लागले. अर्ध्या शिडीवर त्यांची नजर मांडवाकडं गेली, आणि पाय तिथंच थांबला.

कस्तुराबाईंनी रेषेजवळून त्यांची गाडी उचलून आणली होती. मांडवाच्या कडेला दगडावर बसून ती मांडीवर घेतली होती, आणि पर्समधून पांढरं फडकं काढून पुसत होत्या. वरवर नाही. फडक्याच्या टोकाला पीळ देऊन गाडीच्या मागं बसवलेल्या पंखासारख्या पट्टीच्या खाचेत घालत होत्या, चाकांच्या आतली माती बोटानं काढत होत्या. मन लावून, मान वाकडी करून, ओठ मुडपून. चाकणच्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं हेच केलं होतं. माल तपासणीच्या टेबलावर जायच्या आधी पुसायचा. धुळकट माल टेबलावर ठेवला तर सुपरवायझर परत पाठवायचा. समोर टेबल, टेबलामागं नीटनेटकी पोरगी, नवऱ्याची गाडी पहिली आलेली आणि तपासणीला जायची. मग ती काय तशीच मातीनं भरलेली नेऊन ठेवायची?

आणि इथला नियम नेमका उलटा. शर्यत संपली की गाडी आहे तशी टेबलावर. मध्ये फडकं नाही, ब्रश नाही, पाना नाही. पूर्वी एकदोघांनी ठरलेल्या वजनापेक्षा हलकी गाडी पळवून नंतर पुसायच्या निमित्तानं आत शिसं चिकटवलं होतं, तेव्हापासून हा नियम झाला. असा हात फिरला की गाडी बाद. ड्रायव्हरनं स्वतः जाणूनबुजून केलं असेल तर पुढच्या महिन्याची शर्यतही बंद. दापोडी ते चिखली बडबडताना धम्मरत्नांनी मोटर सांगितली, टायर सांगितले, बॅटरीचा व्होल्ट न व्होल्ट सांगितला. हा एकच नियम सांगायचा राहिला. सांगावासाच वाटला नाही. चिखलीच्या धुळीत गाडी पुसायची कुणाच्या डोक्यात येणार?

त्यांनी हाक मारायला हवी होती. मारली नाही. कारण तोवर उशीर झालाच होता, हे एक. आणि दुसरं म्हणजे, दोन वर्षांत जिला त्या गाडीचा बोटानंही स्पर्श नको होता, ती बाई आज तिला मांडीवर घेऊन बसली होती. धम्मरत्नांना इतकं बरं वाटलं की ते शिडीवर नुसते उभे राहिले. मागून शेखरांनी उतरा की भाऊ म्हटलं, तेव्हा भानावर आले.

गाडी त्यांच्या हातात देताना कस्तुराबाई म्हणाल्या, आता न्या तपासणीला. आणि हात धुवायला टँकरकडं गेल्या.

टेबलावर पहिल्या तीन नंबरांच्या गाड्या ठेवल्या गेल्या. दोन मातीचे गोळे, आणि मधोमध शोरूममधून आणल्यासारखी निळी. मिनलनं वजन केलं, बरोबर. मोटर, बॅटरी, टायर, सगळं बरोबर. मग तिनं गाडी हातात धरून फिरवून पाहिली आणि मान वर केली.

“काका, ही कुणी पुसली?”

धम्मरत्नांच्या डोळ्यांपुढं सगळं येऊन गेलं. कस्तुराचं नाव घेतलं, तर आता माइकवरून पुकारणार. शंभरेक माणसं वळून तिच्याकडं बघणार, हीच ती, हिच्यामुळं नवरा हरला. पहिल्यांदा आली आणि हे झालं. मग ती पुन्हा कशाला येते? पुन्हा दर रविवारी, तुम्ही जा, मला कामं आहेत.

“मी पुसली,” ते म्हणाले.

मिनलनं विचारलं, नियम माहीत होता ना? ते म्हणाले, होता. सवयीनं पुसली. पोरीला वाईट वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, पण तिनं माइक उचललाच. चाळिशीपार वर्गात गाडी पुसल्याबद्दल धम्मरत्न ओव्हाळ बाद, पुढच्या महिन्याची शर्यतही बंद, पहिला नंबर शेखर. शेखरांनी एकदा धम्मरत्नांकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं पाहिलं, आणि नियम हाय तर हाय, असं म्हणून खुशाल हात वर करून टाळ्या घेतल्या. त्यांच्या मनात कपट नाही. मिळालं ते घेतलं.

आणि धम्मरत्नांना घटकाभर बसून वाईट वाटून घ्यायचीही सोय नव्हती. त्यांची मार्शलची पाळी होती. बाद झालेल्यालाही ती चुकत नाही. ते जाऊन लांबच्या वळणावर उभे राहिले आणि नवशिक्यांची शर्यत सुटली.

नवशिके म्हणजे काय सांगावं. गाड्या पळायच्या कमी आणि उलटायच्या जास्त. धम्मरत्न वाकत होते, सरळ करत होते, गुडघा धरून उठत होते. तेवढ्यात त्यांना दिसलं की कस्तुराबाई ओले हात पदराला पुसत टेबलाकडं निघाल्या आहेत. चाल ओळखीची होती. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याकडं जाताना अशीच असायची.

आता इथून पुढं त्या माणसाचे जे हाल झाले, ते शत्रूचेही होऊ नयेत. शर्यत संपेपर्यंत मार्शलनं जागा सोडायची नाही. इकडून काही ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. कस्तुराबाईंनी टेबलावर दोन्ही हात टेकले. काहीतरी बोलल्या. मिनल उभी राहिली. कस्तुराबाईंनी धम्मरत्नांच्या दिशेनं बोट केलं. मग पर्स उघडून फडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. भोवती माणसं जमली. शेखरही गेले. मग सगळे जण एकदम हसले, आणि सगळ्यांनी वळून वळणाकडं पाहिलं. धम्मरत्न बघत राहिले आणि त्यांच्या पायाशी तीन गाड्या पालथ्या पडून चाकं फिरवत होत्या. मचाणावरून ओरडा आला, मार्शल, अहो मार्शल! ते दचकून खाली वाकले, आणि गडबडीत एक गाडी उलट्या तोंडानं सोडून दिली.

शर्यत संपली तेव्हा शेखरच पुढं आले, हसून डोळ्यांत पाणी आलेलं. त्यांनी सांगितलं ते असं. वहिनी म्हणाल्या, गाडी मी पुसली. मिनल म्हणाली, काकू, काका तर म्हणतात त्यांनी पुसली. त्यावर वहिनी म्हणाल्या, यांनी? या माणसानं जन्मात स्वतःच्या ताटाखालची जागा पुसली नाही, हा खाचेतली माती काढेल? बघ तरी काम, हे पुरुषाचं काम आहे का? मिनलनं पुन्हा गाडी फिरवून पाहिली आणि हसत सुटली. मग वहिनींनी विचारलं, असा उलटा नियम कशासाठी? मिनलनं शिशाची गोष्ट सांगितली. वहिनींनी ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, मग नियम बरोबर आहे, गाडी बाद कर. पण करणाराला शिक्षा दे, न करणाराला कशाला? तेव्हा आता असं ठरलं हाय, शेखर म्हणाले, की आजचा नंबर गेला तो गेला, आमी काय तो देत न्हाई. पन पुढच्या महिन्यात तुमी पळायचं. माइकवर पुकारायला लावलं वहिनींनी.

आणि खरंच, पाठोपाठ माइकवर मिनलचा आवाज आला. सगळं नावानिशी. पुसणाऱ्याच्या नावासकट.

धम्मरत्न मांडवाकडं निघाले. जे टाळायला खोटं बोलले, तेच माइकवरून झालं होतं. कस्तुराबाई कडेच्या दगडावर डबा उघडून बसल्या होत्या. भाकरी, सुकट, कांदा. ते शेजारी जाऊन बसले. अर्धी भाकरी त्यांच्या हातावर आली. मग कस्तुराबाई म्हणाल्या, “खोटं का बोललात?”

धम्मरत्नांना वाटलं काहीतरी गमतीनं टोलवावं. पण गंमत सुचेना, आणि खरं तेच तोंडातून निघालं.

“लोक तुला नावं ठेवतील, मग तू परत यायची नाहीस. मला बक्षिसाचं नव्हतं एवढं. तू यावंस एवढंच होतं.”

समोर मोकाट वर्गाच्या गाड्या सुटल्या होत्या आणि मातीचा लोट थेट मांडवात येत होता, डब्यावर, साडीवर, टोपीवर. कस्तुराबाईंनी तो झटकला नाही.

“तीस वर्षं मी तपासणीच्या लाइनवर काढली,” त्या म्हणाल्या. “किती वेळा माल परत आला, सगळ्यांसमोर नाव घेऊन आला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कंपनीची बस चुकवली का कधी?”

धम्मरत्नांनी मान हलवली. कस्तुराबाईंनी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली आणि मचाणाकडं बघत विचारलं, ती पिवळी गाडी कुणाची, वळण उगीच फार लांबून घेतेय. ते सांगायला लागले. मग त्यांनी दुसऱ्या गाडीचं विचारलं, आणि ती शर्यत संपेपर्यंत दोघं तिथंच शेजारी बसून राहिले.